आश्रय, नियम आणि दाद : भारतातील तरुण वैज्ञानिक संशोधकांच्या सेवास्थितीचा इतिहास (१८८५ ते १९७५)

सारांश

भारतातील आधुनिक विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा व शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध लागण्यापूर्वीच्या काळात, म्हणजे संशोधक वयाने तरुण, पदाने कनिष्ठ व उत्पन्नाने अस्थिर असताना, तो कोणत्या परिस्थितीत काम करीत होता हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात १८८५ ते १९७५ या कालखंडातील काही निवडक उदाहरणांच्या आधारे तरुण संशोधकांच्या वेतनाचा, प्रवेशाचा, पदोन्नतीचा व तक्रारनिवारणाचा विचार केला आहे. तरुण संशोधक या काळात प्रामुख्याने व्यक्तींच्या आश्रयावर अवलंबून होता, स्वातंत्र्यानंतर आश्रयाची जागा अंशतः नियमांनी घेतली, तथापि अन्याय झाल्यास दाद मागण्याची व्यवस्था सर्वांत उशिरा व एका शोकांतिकेनंतरच विचारात घेतली गेली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वैज्ञानिक संशोधन, शिष्यवृत्ती, सेवाशर्ती, पदोन्नती, विज्ञानसंस्था, कृषी संशोधन सेवा.

प्रस्तावना

संशोधन ही दीर्घकाळ चालणारी व फलनिष्पत्तीची हमी नसणारी प्रक्रिया आहे. ज्याला संशोधनातच आयुष्य घालवावयाचे आहे अशा व्यक्तीच्या दृष्टीने उमेदीची पहिली आठ-दहा वर्षे निर्णायक असतात. या वर्षांत त्याच्याजवळ कल्पना असतात, श्रम करण्याची तयारी असते. परंतु कायम पद, स्वतंत्र प्रयोगशाळा व शब्दाला वजन या तिन्ही गोष्टी नसतात. त्यामुळे कोणत्याही समाजाच्या विज्ञानविषयक धोरणाची परीक्षा करावयाची झाल्यास त्या समाजातील थोर शास्त्रज्ञांच्या सन्मानापेक्षा नवख्या संशोधकाला मिळणारी वागणूक हा अधिक विश्वसनीय निकष ठरतो.

या निकषाचा अवलंब करताना प्रस्तुत लेखात तीन प्रश्न सातत्याने विचारले आहेत. पहिला, तरुण संशोधकाच्या भवितव्याचा निर्णय कोण घेत होते? दुसरा, मिळालेला आधार किती मुदतीचा होता? तिसरा, निर्णय चुकीचा किंवा अन्यायाचा वाटल्यास दाद कोणाकडे मागता येत होती? निवडलेली उदाहरणे सुपरिचित आहेत. परंतु ती चरित्राच्या अंगाने सांगितली जातात, तेव्हा त्यांतील अडचणी ह्या थोरांच्या जीवनातील प्रेरक प्रसंग म्हणून उरतात. त्याच अडचणी सेवास्थितीच्या अंगाने पाहिल्यास निराळा अर्थ देतात.

वसाहतकालीन सेवाश्रेणी व वेतनभेद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात संशोधक असे स्वतंत्र पद जवळजवळ नव्हते. विज्ञानात काम करू इच्छिणाऱ्या भारतीय तरुणापुढे शासकीय महाविद्यालयातील अध्यापकपद हाच मुख्य मार्ग होता आणि तोही वंशभेदाने अडविलेला होता. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक म्हणून रुजू झाले. भारतीय प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन देण्याची तेव्हा प्रथा होती. नेमणूक हंगामी असल्याने त्यातही कपात होऊन बोस यांच्या वाट्याला एकतृतीयांश वेतन आले. त्यांनी अध्यापन चालू ठेवले, परंतु वेतन स्वीकारण्यास तीन वर्षे नकार दिला. अखेरीस त्यांना कायम करण्यात आले व मागील काळाचे पूर्ण वेतन एकरकमी देण्यात आले.

हा प्रसंग स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो व ते योग्यच आहे. तथापि तीन वर्षे वेतनाविना राहणे हाच ज्या व्यवस्थेत दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग ठरतो, त्या व्यवस्थेत दाद मागण्याची सोय नव्हती असेच म्हणावे लागते. असा मार्ग फारच थोड्यांना परवडण्याजोगा होता. बोस यांचे समकालीन प्रफुल्लचंद्र राय एडिंबरा विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी घेऊन १८८८ मध्ये भारतात परतले. त्यांना सुमारे वर्षभर कामाची प्रतीक्षा करावी लागली आणि १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातच दरमहा २५० रुपयांवर रसायनशास्त्राचे हंगामी साहाय्यक प्राध्यापकपद मिळाले. वरिष्ठ शिक्षणसेवा व्यवहारात युरोपियनांसाठी राखली गेली होती, तर समान पात्रतेचा भारतीय प्रांतिक श्रेणीत राहत असे. म्हणजे पात्रता संशोधकाची, काम अध्यापकाचे आणि दर्जा दुय्यम, अशी ही स्थिती होती.

शिष्यवृत्तीचा आधार व नियमांची लवचिकता

संशोधनासाठी मासिक रक्कम देण्याची कल्पना भारतीय विद्यापीठांत हळूहळू रुजली. या बाबतीत श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. पदवी परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्या या तरुणास प्रारंभी आर. रामचंद्र राव या शासकीय अधिकाऱ्याने काही काळ स्वतःच्या खिशातून दरमहा २५ रुपये दिले. मार्च १९१२ पासून रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून होते. १९१३ च्या प्रारंभी केंब्रिजहून हार्डी यांचे पत्र आले. त्याच सुमारास वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी रामानुजन यांच्या वह्या पाहून मद्रास विद्यापीठास लिहिले. त्यानंतर विद्यापीठाने मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती मंजूर केली. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल सादर करणे ही तिची अट होती.

येथे नियमांची अडचण उपस्थित झाली होती. पदव्युत्तर पदवी नसलेल्या व्यक्तीस अशी शिष्यवृत्ती देण्याची तरतूद विद्यापीठाच्या नियमांत नव्हती. विद्यापीठाची स्थापना ज्या कायद्याने झाली त्याच्या उद्देशिकेत संशोधनास चालना देणे हेही विद्यापीठाचे कार्य सांगितले आहे, असा अर्थ लावून हा मार्ग मोकळा करण्यात आला. नियम उद्दिष्टासाठी असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु असा अर्थ लावण्यासाठी केंब्रिजमधील एका गणितज्ञाचे व शासनाच्या एका खातेप्रमुखाचे पत्र लागले, हेही विसरता येत नाही. ज्याच्यासाठी अशी पत्रे आली नाहीत, तो कारकून आयुष्यभर कारकूनच राहिला असणार.

खासगी देणग्यांनी या काळात मोठे कार्य केले. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. १९१६ मध्ये मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे अवघ्या विशीतील दोन तरुण तेथे अध्यापक झाले. मुंबईचे कापूसव्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून सुरू झालेली शिष्यवृत्ती १९१९ मध्ये साहांना मिळाली आणि तिच्या आधारे ते युरोपात जाऊ शकले. मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या दानावर अर्ध्या शतकानंतर बंगालमधील एका गरीब कुटुंबातील तरुण खगोलभौतिकीच्या अभ्यासासाठी परदेशी गेला, ही घटना महाराष्ट्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

सत्येंद्रनाथ बोस यांचा अनुभव निराळा आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात प्रपाठक असताना त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. त्यांचा अभ्यासरजेचा अर्ज विद्यापीठाकडे प्रलंबित होता. आइन्स्टाइन यांचे पोस्टकार्ड दाखविताच दोन वर्षांची रजा मंजूर झाली. दोन वर्षांनी प्राध्यापकपदाचा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरेट नसलेल्या बोस यांना पुन्हा आइन्स्टाइन यांच्या शिफारशीचा आधार घ्यावा लागला. संख्याशास्त्रीय भौतिकीत ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या संशोधकाची रजासुद्धा परदेशी प्रशस्तीवर अवलंबून होती. आपल्या संस्थांचा आपल्याच माणसांच्या मूल्यमापनावर विश्वास नव्हता, हे वसाहतकालीन मनोवृत्तीचे लक्षण या प्रसंगी स्पष्ट दिसते.

नोकरी सांभाळून संशोधन

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०७ मध्ये वित्तखात्याच्या स्पर्धापरीक्षेत प्रथम क्रमांक मिळवून कलकत्त्यात साहाय्यक महालेखापालाची नोकरी पत्करली. बुद्धिमान भारतीय तरुणास वैज्ञानिक पेशात प्रतिष्ठेने जगता येईल अशी पदे नव्हती, हेच त्याचे मुख्य कारण होते. बोबझार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापिलेली संस्था त्यांना उपलब्ध झाली. कचेरीपूर्वी सकाळी व कचेरीनंतर रात्री तेथे काम करण्याचा परिपाठ त्यांनी सुमारे दहा वर्षे चालविला. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहावरून त्यांनी अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडून पालित प्राध्यापकपद स्वीकारले.

रामन यांच्या या दहा वर्षांचे कौतुक करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सरकारी पगारामुळे त्यांना उदरनिर्वाहाची चिंता नव्हती आणि त्या संस्थेत त्यांच्या कामाला वेळेचे व विषयाचे बंधन नव्हते. निश्चित उत्पन्न व विषयस्वातंत्र्य ह्या दोन गोष्टी त्यांना दोन भिन्न ठिकाणांहून मिळाल्या. त्या एकाच ठिकाणी मिळवून देणे हे पुढील काळातील संस्थांचे कर्तव्य होते. ते कर्तव्य सर्वांच्या बाबतीत पार पडले का, याचे उत्तर रामन स्वतः संचालक झाल्यानंतरच्या इतिहासात शोधता येते.

प्रयोगशाळेचा उंबरठा : दोन संशोधिका

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन केलेल्या कमला भागवत यांनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचे वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत ह्या त्यांच्या ज्येष्ठ भगिनी होत. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. त्या बंगळूरला गेल्या व नकाराचे कारण विचारून सत्याग्रहाच्या तयारीने उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशी अपेक्षा होती.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाच्या अखेरीस संचालकांचे समाधान होऊन त्यांना नियमित करण्यात आले व पुढे संस्थेत अन्य स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३६ मध्ये एम.एस्सी. व केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम सी विषयीच्या संशोधनाबद्दल १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा व १९४७ मधील विवाहानंतर मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्यांचा पुढील प्रवास झाला. नीरा या पेयाच्या पोषणमूल्यांवरील त्यांच्या कामास राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. असे असूनही संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे डावलले गेले. प्रवेशाच्या वेळचा अन्याय उत्तरायुष्यातही त्यांच्या मनातून गेला नाही व त्याविषयी त्या जाहीरपणे बोलल्या.

या प्रसंगात लेखाच्या प्रारंभी मांडलेले तिन्ही प्रश्न एकत्र येतात. निर्णय एका व्यक्तीचा होता, मुदत त्याच व्यक्तीच्या समाधानापर्यंतची होती आणि दादही त्याच व्यक्तीकडे मागावयाची होती. ज्या संशोधकाने स्वतः अपुऱ्या साधनांनिशी व दुसऱ्यांच्या सौजन्याने काम केले, त्यानेच नव्या संशोधिकेपुढे असा उंबरठा उभारावा, यातील विसंगती व्यक्तिगत स्वभावापुरती मर्यादित नाही. व्यक्तीच्या इच्छेवर चालणारी संस्था त्या व्यक्तीच्या गुणांबरोबर तिचे पूर्वग्रहही स्वीकारते.

दुसरे उदाहरण अण्णा मणी यांचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ऑनर्स पदवी घेऊन त्या १९४० मध्ये शिष्यवृत्तीवर बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे व माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी काम केले. वर्णपटाचे छायाचित्र घेण्यासाठी काच पंधरा-वीस तास प्रकाशात ठेवावी लागे व त्यामुळे अनेक रात्री प्रयोगशाळेतच जात. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच निबंध एकट्याच्या नावावर प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध मद्रास विद्यापीठास सादर केला. एम.एस्सी. पदवी नाही, या कारणावरून विद्यापीठाने पदवी नाकारली. ऑनर्स पदवी व पाच स्वतंत्र निबंध त्या उणिवेची भरपाई करू शकले नाहीत.

ज्या विद्यापीठाने १९१३ मध्ये कोणतीही पदवी नसलेल्या रामानुजन यांच्यासाठी कायद्याच्या उद्देशिकेचा आधार शोधला, त्याच विद्यापीठाने बत्तीस वर्षांनंतर नियमाचे अक्षर प्रमाण मानले. नियम लवचिक असणे किंवा कठोर असणे यांपैकी एकच योग्य, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. लवचिकता कोणाच्या वाट्याला यावी हे ठरविणारी निश्चित पद्धत नव्हती, हा खरा मुद्दा आहे. अण्णा मणी हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि १९४८ मध्ये पुण्यात भारतीय हवामानखात्यात रुजू झाल्या. देशातील हवामान-उपकरणांच्या निर्मितीचा व सौर प्रारणाच्या मोजणीचा पाया त्यांनी घातला. त्यांना पीएच.डी. मात्र अखेरपर्यंत मिळाली नाही.

स्वातंत्र्योत्तर प्रयत्न : संस्थांची उभारणी व पदांची टंचाई

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना १९४२ मध्ये झाली होती. स्वातंत्र्यानंतर तिच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभी राहिली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. इमारती उभ्या राहण्याच्या वेगाने सेवाव्यवस्था मात्र उभी राहिली नाही. हरगोविंद खुराना शासकीय शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले होते. लिव्हरपूलची डॉक्टरेट व झुरिकमधील संशोधन पूर्ण करून शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे ते १९४९ मध्ये मायदेशी परतले. त्यांना योग्य काम मिळाले नाही व ते पुन्हा केंब्रिजला गेले. पुढे कॅनडा व अमेरिका येथे त्यांचे कार्य बहरले आणि १९६८ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा बहुमान मिळाला. परदेशी शिक्षणाचा खर्च करणाऱ्या शासनाजवळ परतलेल्या संशोधकाला सामावून घेण्याची योजना नव्हती, असे या प्रकरणावरून दिसते.

ही उणीव नंतरच्या दशकात मान्य करण्यात आली. ४ मार्च १९५८ च्या विज्ञानविषयक धोरण ठरावात वैज्ञानिकांना चांगल्या सेवाशर्ती व सन्मानाचे स्थान देण्याचे आश्वासन देण्यात आले. त्याच वर्षी परदेशातून परतणाऱ्या वैज्ञानिकांना कायम काम मिळेपर्यंत तात्पुरते स्थान देणारी वैज्ञानिक निधी योजना, म्हणजे ज्यास सर्वसामान्यपणे ‘सायंटिस्ट्स पूल’ म्हटले जाई, ती सुरू झाली. ही योजना उपकारक होती. पण तिचे स्वरूप धर्मशाळेसारखे राहिले. मुक्काम मिळे, घर मिळत नसे.

याहून परिणामकारक प्रयोग मुंबईत झाला. होमी भाभा यांच्या प्रेरणेने तुर्भे येथील अणुऊर्जा प्रतिष्ठानात १९५७ मध्ये प्रशिक्षणशाळा सुरू करण्यात आली. देशभरातून निवडलेल्या पदवीधरांना वर्षभर विद्यावेतनावर प्रशिक्षण देऊन यशस्वी उमेदवारांना थेट सेवेत घेण्याची ही पद्धती होती. रिक्त पदाची वाट न पाहता गुणवत्तेनुसार बढती देण्याचे तत्त्वही अणुऊर्जा विभागाने अंगीकारले. निर्णयाची पद्धत आधीच ठाऊक असणे व भवितव्याची मुदत निश्चित असणे, ह्या दोन बाबी येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर साध्य झाल्या. तथापि ही व्यवस्था पंतप्रधानांचा विश्वास लाभलेल्या एका समर्थ नेतृत्वामुळे शक्य झाली होती. विद्यापीठे, महाविद्यालये व अन्य बहुसंख्य संशोधन संस्थांमध्ये तिचे अनुकरण त्या प्रमाणात झाले नाही.

१९७२ ची घटना व गजेंद्रगडकर समिती

कृषी संशोधनाच्या क्षेत्रात हा प्रश्न अत्यंत दुःखद रीतीने पुढे आला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गव्हाच्या नव्या वाणांमुळे भारतीय कृषी संशोधनास मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली होती. अशा यशाच्या काळात मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एका कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली. त्यापूर्वीही या संस्थेत अशी घटना घडली होती. निवड व पदोन्नतीतील अन्याय, वरिष्ठांना रुचेल तेच सांगण्याचे दडपण असे प्रश्न मागे ठेवलेल्या पत्रामुळे चव्हाट्यावर आले. संसदेत व वृत्तपत्रांत त्यावर तीव्र चर्चा झाली. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या भरती व सेवाविषयक धोरणांची तपासणी करण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

अध्यक्षांची ही निवड अर्थपूर्ण होती. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर हे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश व त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. औद्योगिक कामगारविषयक कायद्यातील त्यांचे निवाडे प्रसिद्ध आहेत. संशोधक हाही एका अर्थाने नोकरदार आहे आणि त्याच्या सेवाशर्तींचा विचार न्यायाच्या कसोटीवर झाला पाहिजे, ही दृष्टी या नेमणुकीतूनच सूचित होत होती.

तोवरच्या पद्धतीतील मूळ दोष असा, की बढती पदाला बांधलेली होती. वरचे पद रिक्त झाले तरच पुढे जाता येई व त्यासाठी नव्याने अर्ज, मुलाखत व स्पर्धा करावी लागे. आपल्या विषयात वरचे पद नसेल तर विषय किंवा गाव सोडणे अथवा आहे तेथेच थांबणे, एवढेच पर्याय उरत. शिवाय निवडीवर ज्यांचा प्रभाव असे, त्यांच्याच हाताखाली काम करावयाचे असल्याने मतभेद व्यक्त करणे धोक्याचे होते. ज्या क्षेत्रात निष्कर्षांची निर्भय चिकित्सा हाच कामाचा प्राण आहे, तेथे या भयाने व्यक्तीबरोबर विज्ञानाचीही हानी होत होती.

समितीच्या अहवालानंतर परिषदेच्या रचनेत महत्त्वाचे बदल झाले. १९७३ मध्ये कृषी वैज्ञानिक भरती मंडळ हे स्वतंत्र मंडळ स्थापन होऊन निवडीचे काम त्याच्याकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र शासनात कृषी संशोधन व शिक्षण विभाग निर्माण झाला. १ ऑक्टोबर १९७५ पासून कृषी संशोधन सेवा अस्तित्वात आली. या सेवेत दर पाच वर्षांनी कामाचे मूल्यमापन करून, वरचे पद रिक्त असो वा नसो, गुणवत्तेप्रमाणे बढती किंवा वेतनवाढ देण्याची तरतूद होती. बढती पदाकडून व्यक्तीकडे आली, हे या सुधारणेचे सार होय.

या सुधारणेच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. सेवेत प्रवेश मिळालेल्यांना तिचे संरक्षण लाभले. पण प्रवेशाच्या उंबरठ्यावर असलेले शिष्यवृत्तिधारक व हंगामी साहाय्यक तिच्या कक्षेबाहेर राहिले. मूल्यमापनासाठी कागदोपत्री कामाचा भार वाढला. दाद मागण्याची यंत्रणा निर्माण झाली, तरी मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्या दैनंदिन संबंधांपर्यंत ती पोहोचली नाही.

उत्तरकाळातील प्रश्न

१९७५ नंतरच्या घडामोडी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तरीही वरील इतिहासाचा आजच्या स्थितीशी असलेला संबंध थोडक्यात पाहणे आवश्यक वाटते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेमुळे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळण्याची पद्धत व्यक्तीच्या मर्जीतून पुष्कळशी मुक्त झाली. केंद्रीय संस्थांकडून मिळणारी ही रक्कम २०१० मध्ये दरमहा १६,००० रुपये, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० व २०२३ मध्ये ३७,००० रुपये करण्यात आली. या वाढीमागे संशोधक विद्यार्थ्यांची देशव्यापी आंदोलने होती, ही बाब लक्षणीय आहे. १८८८ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी एकट्याने केलेला प्रतिकार येथे सामूहिक झाला. परंतु रक्कम ठरावीक कालावधीने आपोआप सुधारण्याची तरतूद नसल्याने दरवेळी नव्याने मागणी करावी लागते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकांना या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक परिचित आहे. पीएच.डी. व पात्रता परीक्षा पूर्ण केलेले अनेक तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन करतात. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, सुट्टीच्या काळात उत्पन्न थांबते आणि त्यांच्या संशोधनास वेळ व साधने मिळत नाहीत. हंगामी नेमणुकीमुळे एकतृतीयांश वेतन मिळालेल्या प्राध्यापकाची कथा आपण वर्गात अभिमानाने सांगतो; तशाच प्रकारच्या नेमणुकीवर असलेला सहकारी त्याच वेळी शेजारच्या वर्गात शिकवीत असतो. परकीय सत्तेचा वंशभेद आज नाही. तरीही हंगामीपणाच्या नावाखाली समान कामाला असमान मोबदला देण्याची रीत टिकून आहे.

समारोप

नव्वद वर्षांच्या या आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. तरुण संशोधकाच्या भवितव्याचा निर्णय प्रारंभी व्यक्तींच्या हाती होता. आश्रय देणारी व्यक्ती उदार असेल तेथे रामानुजन व साहा पुढे आले. ती पूर्वग्रहदूषित असेल तेथे कमला भागवत यांच्यासारखीस प्रवेशासाठी झगडावे लागले. स्वातंत्र्यानंतर निवडीचे नियम झाले आणि काही संस्थांत सेवेची मुदतही निश्चित झाली. दाद मागण्याची व्यवस्था मात्र सर्वांत शेवटी व प्राणाचे मोल दिल्यानंतर विचारात घेतली गेली. सुधारणांचा हा क्रम आपल्या विज्ञानसंस्थांच्या घडणीवर गंभीर भाष्य करतो.

यशस्वी शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून अडचणींमुळेच माणसे घडतात असा समज दृढ होतो. इतिहासाच्या अभ्यासकास हा समज स्वीकारता येत नाही, कारण अडचणींनी थांबविलेल्या संशोधकांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत. अण्णा मणींची नाकारलेली पदवी व खुरानांना न मिळालेले काम यांची नोंद ते पुढे मोठे झाले म्हणून राहिली.

या दृष्टीने प्रत्येक महाविद्यालयीन संशोधन केंद्राने आपल्याकडील सर्वांत कनिष्ठ संशोधकाच्या बाबतीत आरंभीचे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. त्याच्याविषयीचे निर्णय कोण व कोणत्या पद्धतीने घेतो, त्याला दिलेला शब्द किती मुदतीचा आहे आणि मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास मार्गदर्शकाव्यतिरिक्त अन्य कोणाकडे तो निर्भयपणे जाऊ शकतो, यांची लेखी उत्तरे देण्यासाठी मोठ्या निधीची वा शासकीय आदेशाची आवश्यकता नाही. ती उत्तरे देण्याची तयारी दाखविणे हे आपल्या पूर्वसूरींच्या कष्टांचे यथोचित स्मरण ठरेल.